एक नंबर उजळ

मॅडम माणसाकडे बघायची ती आधी हनुवटीकडे. डोळ्यांकडे नंतर, वेळ मिळाला तर. दुकानाचं काचेचं दार ढकलून कोणी आत आलं की तिची नजर त्या माणसाच्या वरच्या ओठावरून, जबड्यावरून, कानाच्या पाळीवरून सरकत जायची, आणि तोंडाने "या, या, बसा ना" म्हणेपर्यंत मनात निकाल लागलेला असायचा. ही मिशीवाली. ही कल्लेवाली. हा तर साक्षात अस्वल.

'मॅडम' हे नाव तिचं तिनेच लावून घेतलेलं. दुकानात हाताखाली एकच बाई, आणि तीही थोरल्या सख्ख्या भावाची बायको. पण पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "वहिनी, घरी तू मला काय वाटेल ते म्हण. इथे मॅडम. नात्यागोत्यावर धंदा चालत नाही." वहिनीने मान डोलावली आणि तेव्हापासून ती घरीसुद्धा मॅडमच म्हणू लागली. त्यात मान किती आणि टोमणा किती, याचा हिशेब मॅडमला आजतागायत लागला नव्हता.

दुकान म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बसका कोच, भिंतभर आरसा आणि जुनी मासिकं. आतल्या खोलीत उंच पलंग, आणि पलंगाच्या उशाशी ते यंत्र: कपाटाएवढं, पांढरं, सदा गुरगुरणारं, बाजूने जाड नळी आणि नळीच्या टोकाला हातात धरायचा दांडा. दांड्याच्या तोंडाशी चौकोनी काच, बर्फासारखी गार. दोन खोल्यांच्या मध्ये पडदा. दुकानाच्या पाटीवर सोनेरी केसांची कुठलीशी परदेशी मुलगी दात दाखवून हसत होती. गंमत अशी, की त्या मुलीच्या अंगावरच्या फिकट सोनेरी लवेवर आतल्या यंत्राचं फारसं काही चाललं नसतं. पण पाटी बघून आत येणाऱ्या बायकांना ते कोण सांगणार? मॅडम तर नाहीच.

यंत्राची गोष्ट तशी सरळ होती. त्यातला प्रकाश जवळपास आंधळा, त्याला फक्त काळं दिसायचं. केसाच्या मुळाशी काळा रंग असतो. तो सापडला की प्रकाश तिथे आपली सगळी धग ओततो आणि मूळ जळतं. केस पांढरा असेल तर त्याला तो दिसतच नाही. पण काळा रंग केसात असतो तसा कातडीतही असतो. कातडी गडद असली की प्रकाश केसापर्यंत पोचायच्या आधी कातडीवरच ताव मारतो, मूळ राहतं बाजूला आणि वर चटका बसतो. म्हणून गडद कातडीला जोर कमी ठेवायचा आणि प्रकाशाचा एकेक झोत, त्याला पल्स म्हणतात, तो लांबवायचा, म्हणजे एकदम तडाखा न बसता कातडीला निवायला सवड मिळते आणि आतलं जाड मूळ मात्र तापत राहतं. एवढी अक्कल यंत्रात भरलेली होती. माणसाने फक्त त्वचेचा नंबर खरा सांगायचा. एक म्हणजे दुधासारखी गोरी, सहा म्हणजे भाजलेल्या कॉफीच्या दाण्यासारखी. भिंतीवर त्या सहा रंगांच्या पट्ट्यांचा एक तक्ताच लावलेला होता.

आणि नेमकी इथेच अडचण होती, कारण त्या गावात काळं कोणीच नव्हतं.

सगळे मूळचे गोरे. कोणी उन्हात फिरून असं झालेलं, कोणी बाळंतपणानंतर, कोणाला पाणी मानवलं नव्हतं. "तुमच्या इथली ट्यूबलाइटच वाईट आहे हो," असंही एकीने ऐकवलं होतं. धंदा नवा होता तेव्हा मॅडमने एका बाईला तक्ता बघून सरळ "पाच" सांगितलं. बाई पलंगावरून उठली, पर्स उचलली आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. समोरचीने तिला तीन सांगितलं असणार. तिथून मॅडम शहाणी झाली. तिने दुकानाचा कायदाच करून टाकला: नंबर गिऱ्हाइकाने सांगायचा, आपण "अगदी बरोबर" म्हणायचं, आणि पडद्याआड वहिनीने यंत्रावर गुपचूप त्यात एक वाढवायचा. फारच थाप असेल तर दोन. गिऱ्हाइकाच्या कार्डावर एक नंबर उजळ, यंत्रात खरा. कोणाला भाजलं नाही, कोणी रुसलं नाही.

"काय माणसं असतात एकेक!" गिऱ्हाईक गेल्यावर मॅडम हसून हसून सांगायची. रस्त्यापलीकडचा जिमवाला तिचा लाडका नमुना. छाती-पाठीवरचे केस काढायला यायचा. अंग असं, की पॉलिश केलेलं शिसवी कपाट उभं केलंय. आरशासमोर दंड फुगवत तो दर खेपेला म्हणायचा, "दोन नंबर ना मॅडम? मूळचा मी दोनच."

"दोनच हो. त्यात काय विचारायचं?"

तो पडद्याआड गेला की मॅडम वहिनीकडे बघून चार बोटं दाखवायची. वहिनी त्याच्या अंगाकडे बघून पाच दाबायची. मॅडम तोंडावर रुमाल धरून खुसखुसायची. आरसा घरात नाही का यांच्या? स्वतःच्या कातडीशी खोटं बोलतात आणि वर पैसे मोजतात. मग एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या, हनुवटीवर पांढरे शुभ्र खुंट. वहिनी एकदा दबक्या आवाजात म्हणाली होती, "अहो, पांढऱ्यावर नाही चालत हे, त्यांना सांगून टाकू या." तर मॅडमचं उत्तर, "तुला कोणी विचारलं? येऊ दे बिचारीला. घरी कंटाळते." मास्तरीणबाई येत राहिल्या, प्रकाश त्यांच्या केसांवरून नुसता फिरून जात राहिला.

इतका सगळा तिटकारा एका माणसात कुठून जमतो? मॅडमच्या बाबतीत तो घरातच पिकला होता. भावंडं दोन. दादा लख्ख गोरा, आणि ही. आत्या दर सुट्टीत यायची आणि आल्या आल्या दारातूनच हाक मारायची, "काजळी कुठंय?" काजळी. दिव्याच्या काचेवर धरते ती. आत्या काही दुष्ट नव्हती, तिला ते कौतुकच वाटायचं. घरचा फोटो काढायची वेळ आली की आत्याच सगळ्यांच्या जागा ठरवायची. "काजळीला कडेला घ्या रे, नाहीतर फोटोला अंधार येतो." सगळे हसायचे. काजळीही हसायची. अल्बममध्ये पानोपान ती कडेलाच आहे, कुठे अर्धी, कुठे नुसता खांदा.

त्या काजळीने मोठं होऊन काय करावं? रंगाचा विषय कायमचा सोडून द्यावा, की त्याच रंगाच्या बाजारात दुकान थाटावं? तिने दुसरं केलं. आधी भुवया कोरल्या, मग मेण लावलं, मग यंत्र आणलं. वाटेत पाणीखात्यातला एक मवाळ कारकून नवरा म्हणून मिळाला. त्याला बायकोच्या चेहऱ्यापेक्षा वर्तमानपत्रातलं कोडं जास्त आवडायचं, तिलाही ते सोयीचंच होतं. आत्या वारली. काजळी हे नाव तोंडातून काढणारं कोणी उरलं नाही. वहिनीने एकदा, लग्न होऊन आल्या आल्या, सहज म्हटलं होतं, "ताई, तुम्हाला पिवळा रंग काय खुलून दिसतो!" खुलून दिसतो म्हणजे काय, हे मॅडमला चांगलं कळत होतं. कित्येक दिवस तिने वहिनीशी अबोला धरला. त्यानंतर घरात मॅडमच्या अंगाचा कुठलाच रंग कुठल्याच रंगाला लावून बघायचा नाही, हे सगळ्यांना न सांगता कळलं.

आणि आता ज्याचं नाव काढायचं नाही ते. चाळिशी ओलांडल्यावर मॅडमच्याच हनुवटीवर केस उगवले. मोजकेच, पण तारेसारखे ताठ. सगळ्या गावाच्या हनुवट्या गुळगुळीत करणारी बाई रोज सकाळी न्हाणीघराला आतून कडी घालून, नळ सोडून, चिमटा घेऊन स्वतःचे केस उपटत होती. यंत्र हाताशी होतं. पण यंत्राखाली झोपायचं तर नंबर सांगायला लागला असता, तोही वहिनीला. त्यापेक्षा चिमटा बरा.

तिला यंत्राखाली ओढलं ते समोरचीने. एके सकाळी समोरच्या दुकानावर नवी पाटी चढली आणि पाटीवर खुद्द समोरची. पुरुषभर उंच चेहरा, कापसासारखा गाल, खाली लिहिलेलं: 'माझ्यावर विश्वास ठेवा'. मॅडम आपल्या दाराशी उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"हिच्यावर विश्वास? हिच्या गालावर तर थापीने लिंपलंय," ती म्हणाली.

"छान आलाय पण फोटो," वहिनी म्हणाली.

"हो का? मग आपलाही येईल." सोनेरी केसांची परदेशीण उतरवायची आणि तिथे आपण चढायचं, हे मॅडमने तिथल्या तिथे ठरवलं. कडेला नाही, अर्धी नाही. पाटीच्या मधोमध. फोटोवाल्याला पुढच्या महिन्याचा वार दिला. फोटोवाल्याचा कॅमेरा म्हणजे सुई दाखवणारा, हनुवटीवरची तार सुटायची नाही. तेव्हा यंत्राशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्यासाठी आधी चिमटा सोडावा लागला. केस उपटला की मुळासकट येतो, आणि मूळच नसलं तर प्रकाशाने जाळायचं काय? गिऱ्हाइकांना हे ती येता जाता ऐकवायची. आता काही आठवडे नुसती दाढी करायची. हो, दाढी. दुसरा शब्द नाही त्याला. नवऱ्याचा वस्तरा गुपचूप घ्यायचा, दोन फटकारे मारायचे आणि धुऊन जागच्या जागी ठेवायचा.

"माझं पातं इतक्यात बोथट कसं होतंय?" नवरा एक दिवस गाल चोळत म्हणाला.

"तुझीच दाढी राठ झालीय. वय झालं आता."

"असेल," नवरा म्हणाला आणि कोड्याकडे वळला. एवढ्या निर्बुद्ध शांतपणाचा तिला एरवी राग यायचा. त्या दिवशी बरं वाटलं.

मग एका दुपारी, गिऱ्हाइकांची पांगापांग झाल्यावर, मॅडमने दाराला 'थोड्या वेळात येतो'ची पाटी लावली आणि पलंगावर जाऊन आडवी झाली. वहिनी पदर खोचून यंत्राशी उभी.

"कानामागे एक टेस्ट घेऊ या का आधी?" वहिनीने विचारलं. "एक पल्स मारते, दोन दिवस कातडी काय म्हणते बघू, मग—"

"टेस्ट कोणाची घ्यायची? मी काय गिऱ्हाईक आहे?"

"बरं." वहिनीने हनुवटीला गार जेल लावलं. "नंबर काय लावू?"

समोरच्या भिंतीवर तक्ता होता. मॅडमने तिकडे मान वळवली नाही. "तीन," ती म्हणाली, स्वतःचा पत्ता सांगावा तशी.

डोळ्यांवर काळा चष्मा चढवता चढवता तिला एवढंच दिसलं, की वहिनीचं बोट यंत्राच्या बटणांपाशी हवेत क्षणभर अडलं. मग खाली आलं. टिक्.

पहिली पल्स बसली. गिऱ्हाइकांना मॅडम सांगायची, "काही नाही हो, रबरबँड मारल्यासारखं वाटतं." हा रबरबँड नव्हता. ही तापलेली उलथन्याची कड होती. तिने दात आवळले.

"लागतंय का?"

"छे. चालू दे."

पलंगावर कोणी "आई गं" केलं की मॅडम बाहेरून हसून म्हणायची, एवढं नाजूक असून कसं चालेल? आता नाजूक व्हायचं कोणत्या तोंडाने? दुसरी पल्स बसली. जळक्या केसांचा वास आला. तो तिच्या रोजच्या सवयीचा. पण त्याच्या मागून आणखी एक वास आला, तो सवयीचा नव्हता. तिसऱ्या पल्सला ती अशी किंचाळली, की समोरच्या दुकानातली मुलगी दारापर्यंत येऊन बघून गेली.

आरशात बघितलं तेव्हा हनुवटीवर तीन चौकोन उमटले होते. दांड्याच्या काचेच्या मापाचे, एकाशेजारी एक, पोस्टाची तिकिटं डकवल्यासारखे. आधी राखाडी, मग लाल. वहिनीने धावत जाऊन गार पाण्याच्या पट्ट्या आणल्या. मॅडम पट्टी धरून बसली. जरा दम खाल्ल्यावर तिचा आवाज आला, आणि आला तो चाबकासारखा.

"नंबर किती लावलास?"

"तीन."

"तीन?"

"तुम्हीच म्हणालात ना तीन?"

"अगं, म्हणाले, पण..."

"पण काय?"

पण आपण सांगितलेल्यात एक वाढवतो ना, हे वाक्य तिच्या जिभेवर अगदी तयार होतं. रोजचं होतं, तिनेच शिकवलेलं होतं. ते एकदा बाहेर पडलं की वहिनी चारी मुंड्या चीत. पण ते वाक्य एकटं बाहेर येत नव्हतं. त्याच्या पाठीला चिकटून दुसरं येत होतं: कारण मी तीन नाही. तुला दिसत होतं मी तीन नाही. मला माहीत होतं मी तीन नाही.

"पण काय, मॅडम?" वहिनीने पट्टी बदलत पुन्हा विचारलं. आवाज कसा, की लोण्याहून मऊ.

"आपण... आत लावताना..."

"एक वाढवतो. तो गिऱ्हाइकाला. तुम्ही म्हणालात, मी गिऱ्हाईक नाही. म्हटलं, बाहेरच्यांना काय सांगायचं ते सांगतील, स्वतःला तरी खरं सांगत असतील." वहिनी थांबली. पट्टी पिळली. "आणि मी आपल्या मनाने वाढवला असता तर म्हणाला असतात, वहिनीने मला काळी म्हटलं. पिवळ्याचं नुसतं कौतुक केलं तर किती दिवस बोलला नव्हतात."

मॅडमने पट्टी हनुवटीवर घट्ट दाबून धरली.

"तसं बघायला गेलं," वहिनी म्हणाली, "तर तुम्हाला एकाने भागलंही नसतं."

असं म्हणून ती उठली आणि दारावरची 'थोड्या वेळात येतो'ची पाटी काढायला गेली.

घरी नवऱ्याने कोड्यातून मान वर केली तर हनुवटीवर मलमाचा लेप. "हे काय?"

"यंत्र बिघडलं."

"यंत्र कसं बिघडेल? वहिनीनेच काहीतरी भलतं दाबलं असेल. मी दादांना फोन—"

"वहिनीने काही केलेलं नाही!" मॅडम कडाडली. आजवरच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच वहिनीच्या बाजूने बोलली होती, आणि तेही इतक्या त्वेषाने, की नवऱ्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली. बिचाऱ्याला वाटलं, नणंद-भावजयीचं काय हे प्रेम! दादांना फोन झाला असता तर दादांनी विचारलं असतं, काय भलतं दाबलं? आणि मग ते सगळं, नंबरासकट, घरभर झालं असतं. ज्या घरात पुन्हा काजळी आठवायला एवढंसं निमित्त पुरलं असतं.

लाल चौकोन तपकिरी झाले, त्यांची खपली पडली, आणि खपलीखालून जे आलं ते आधीच्यापेक्षा गडद. कातडी भाजली की स्वतःला सावरायला आणखी रंग ओतते. हे वाक्य मॅडमने छापील पत्रकात गिऱ्हाइकांसाठी बारीक अक्षरात दिलं होतं. बारीक अक्षर कोणी वाचत नाही, या भरवशावर. आता ते तिच्या हनुवटीवर ठळक अक्षरात छापलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, ऊन टाळायला सांगितलं आणि म्हणाले, जातील, पण महिने लागतील. "किती नंबरावर मारलं होतं?" त्यांनी विचारलं तर मॅडम म्हणाली, "मुलीने मारलं, मला कल्पना नाही." मुलगी म्हणजे वहिनी, पन्नाशीची.

मग तिने काय केलं? अद्दल घडली, डोळे उघडले, असं काही? नाव नको. तिने मास्क आणला. नुसता स्वतःला नाही, वहिनीलाही. "आता आपल्या दुकानात मास्कशिवाय काम नाही. स्वच्छता म्हणजे स्वच्छता." गिऱ्हाइकं खूश. मास्तरीणबाई म्हणाल्या, "समोर बघा, असलं काही नाही." आठवडाभरात समोरचीनेही मास्क लावला. आपल्या तीन डागांनी अख्ख्या रस्त्याचं तोंड बांधलं, याचं मॅडमला हसूही येईना.

फोटो मात्र पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता. परदेशीण उतरवून झाली होती, पाटीची नुसती चौकट समोरचीच्या हसऱ्या चेहऱ्याकडे आ वासून बघत होती. फोटोवाला आला, त्याने मास्क काढायला लावला, आणि पावडरीच्या थराखालून डोकावणारे चौकोन बघून न बघितल्यासारखं केलं. धंद्यातला माणूस.

"मॅडम, हनुवटीवर हात ठेवा असा. विचार करताय असं दिसेल."

मॅडमने हात ठेवला. पंजा पसरून, तिन्ही तिकिटं झाकली जातील असा.

"वा! आणि रंग नंतर जरा उजळ करतो हं," तो भिंगातून डोळा न काढता म्हणाला. "सगळ्यांचाच करतो. कोणी सांगत नाही, पण हवा सगळ्यांनाच असतो."

मॅडमने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू तिच्याच घरातली वस्तू चोरून तो तिलाच दाखवायला आलाय. पण नको म्हणाली नाही.

पाटी चढली. पाटीच्या मधोमध, पुरुषभर उंच, मॅडम. फोटोवाल्याने चेहरा उजळवला होता, आणि असा उजळवला होता, की आत्याने बघितला असता तर विचारलं असतं, ही कोण पाहुणी? पण गडी एक विसरला. त्याने चेहरा उजळवला, हात तसाच ठेवला. लोण्यासारख्या गोऱ्या चेहऱ्याच्या हनुवटीवर एक गडद पंजा. मागून येऊन कोणीतरी बाईचं तोंड दाबलंय आणि ती तरीही हसतेय, असं काहीसं. शिडीवरून उतरणाऱ्या माणसाला मॅडमने थांबवायला हवं होतं. पण थांबवून सांगायचं काय? हातही चेहऱ्यासारखा करा? म्हणजे दोन्ही एकाच बाईचे आहेत हे कबूल करा? पाटी राहिली.

दुसऱ्याच दिवशी जिमवाला दंड फुगवत आत आला. "मॅडम, फोटो एक नंबर! पण तो हात कोणाचा?"

वहिनी बाहेरच पुसत होती. तिचं फडकं थांबलं.

"हात होय?" मास्कमधून मॅडम म्हणाली. "तो... फोटोवाल्याच्या मदतनिसाचा. चेहरा सरळ राहावा म्हणून धरला होता त्याने."

"असं का! मला वाटलंच. मेळ बसत नाही ना," जिमवाला म्हणाला. "बरं, दोन ना माझा?"

"दोनच."

स्वतःचा चेहरा नाकारणारी माणसं मॅडमने आजवर ढिगाने बघितली होती. स्वतःचा हात दुसऱ्याच्या नावावर करणारं तिने पहिल्यांदाच बघितलं, तेही आरशात. जिमवाला पडद्याआड गेला. मॅडमने सवयीने चार बोटं वर करायला हात उचलला आणि तो हात बघून तशीच राहिली. वहिनीने बोटांची वाट बघितली नाही. पाच दाबले आणि कामाला लागली.

डाग जायला कितीतरी महिने गेले. डाग गेले आणि केस राहिले. तीन पल्समध्ये काय जाणार? वस्तऱ्याने खुंट आणखी राठ वाटू लागले. नवऱ्याने स्वतःसाठी दाढीचं विजेचं यंत्र आणलं आणि वस्तरा न बोलता तिच्याकडे सरकवून दिला, म्हणजे त्या मवाळ माणसालाही सगळं माहीत होतं तर! दुसऱ्याच दिवशी मॅडमने वहिनीकडून कानामागे टेस्ट करून घेतली. दोन दिवस काही त्रास झाला नाही, तेव्हा तिने दुपारची पाटी दाराला लावली आणि पलंगावर आडवी झाली. टेस्टच्या वेळी वहिनीने काही न विचारता, नंबर आपला आपण ठरवून पल्स मारली होती. आज मात्र तिने जेल लावलं, दांडा हातात घेतला आणि विचारलं,

"नंबर?"

"टेस्टला लावला होतास तोच."

"तो मी माझ्या मनाने लावला होता. कानामागचं होतं, चाललं. हा चेहरा आहे."

"तुला दिसतंय ना? लाव."

"मला दिसतंय ते दुकानात चालत नाही. नंबर गिऱ्हाइकाने सांगायचा. कायदा तुमचाच आहे, मॅडम."

यंत्र गुरगुरत राहिलं. मॅडमने छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, तक्त्याकडे नाही. तोंडाने तो आकडा काढायचा तर आत्याच्या हाकेला ओ दिल्यासारखं झालं असतं. शेवटी तिने हात वर केला. तीन बोटं उघडी. वहिनी हलली नाही. करंगळी उघडली. चार. वहिनी दांडा धरून तशीच उभी. मग अंगठा, हळूहळू, आडमुठ्या बरणीचं झाकण निघावं तसा, उघडला.

पाच. सगळा पंजा, हवेत, पाटीवरच्यासारखाच.

तेवढ्यात जिमवाल्याने पडद्यातून डोकं आत घातलं. दाराला पाटी असली तरी कडी घालायची दोघींच्याही लक्षात राहिली नव्हती. "मॅडम आहेत का? अरे!"

मॅडमने तोच पंजा, क्षणाचाही विलंब न लावता, वाऱ्यावर हलवला. "या, या! बसा ना बाहेर. आलेच हं."

"चष्म्याशिवाय आत यायचं नाही," वहिनी त्याच्यावर ओरडली. तो गेला. वहिनीने पडदा सारखा केला, मॅडमच्या डोळ्यांवर काळा चष्मा बसवला आणि यंत्राकडे वळली. टिक्, असा आवाज आला. पहिली पल्स बसली.

रबरबँड मारल्यासारखं वाटलं.